एज नंबर का नाहीत? दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

कोड लिहून थ्रीडी मॉडेल बनवायच्या आमच्या पायथन लायब्ररीला तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी तीन: एज (मॉडेलची कड) नंबरने पकडता येत नाही, एक फिलेट (कडेला दिलेली गोलाई) फसला की अख्खी स्क्रिप्ट थांबते, आणि उदाहरणं कमी आहेत. उदाहरणं वाढवण्याचं काम सुरू आहे. पहिल्या दोन गोष्टी मात्र आम्ही ठरवून तशा ठेवल्यात आणि त्या तशाच राहतील.

साधा ठोकळा घ्या: ६ फेस (पृष्ठभाग), १२ एज. त्यात एक आरपार भोक पाडा. आमची लायब्ररी ओपन कास्केड कर्नलवर, म्हणजे भूमितीचं गणित करणाऱ्या गाभ्यावर, चालते. तिथे आता एज होतात १५. वर-खाली दोन वर्तुळं, आणि भोकाच्या भिंतीवर एक उभी शिवण, जी प्रत्यक्ष पार्टवर कुठेच नसते. बुलियननंतर (आकार जोडले किंवा भोकासारखे वजा केले की) नवा शेप तयार होतो. आधी सात नंबरला असलेली कड आताही सातलाच असेल याची हमी कर्नलच देत नाही, तर आम्ही कुठून देणार? सात नंबरला लावलेला फिलेट भलत्याच कडेवर बसतो आणि एररही येत नाही. फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे दुखणं वर्षानुवर्षं सोसलं. त्यावर बऱ्यापैकी तोडगा नोव्हेंबर २०२४ मध्ये, १.० आवृत्तीत आला.

म्हणून आमच्याकडे 'वरच्या फेसच्या बाहेरच्या कडा' असं सांगावं लागतं. टायपिंग वाढतं, खरंय. पण भोकाचा व्यास बदला, आणखी दोन भोकं पाडा, ओळ तीच राहते. शिवाय उद्या दुसऱ्या कुणी ती स्क्रिप्ट उघडली तर तुम्हाला काय करायचं होतं ते त्याला वाचूनच कळतं. मॉडेलिंगच्या एपीआयमध्ये (लायब्ररीला कोडमधून सूचना द्यायच्या पद्धतीत) मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता फिलेट. तुमच्या उदाहरणात १० मि.मी. जाडीच्या प्लेटला वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडांवर ६ मि.मी. त्रिज्या मागितली आहे. तेवढी जागाच नाही. तुम्ही म्हणता, जमत नसेल तर सोडून पुढे जा. पण गुपचूप सोडलेला फिलेट स्टेप फाइलमधून (मॉडेल दुसरीकडे पाठवायचा फॉरमॅट) थेट मशीन शॉपमध्ये पोचतो आणि धारदार कडेचा पार्ट हातात येतो. त्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली बरी. कोणती कड, किती त्रिज्या, हे एररमध्ये लिहिलेलं असतं. जाणूनबुजून सोडायचाच असेल तर पायथनच्या ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर पकडून पुढे जायची सोय) घाला. निदान तो निर्णय कोडमध्ये दिसेल.

तुमची स्क्रिप्ट सपोर्टला पाठवा. नंबरांच्या जागी निवडीच्या ओळी आमची टीम घालून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.