चोर सोडून संन्याशाला चार पॉइंट

माझं चारित्र्य सध्या २.९१ आहे. गेल्या रविवारी ते २.९८ होतं. आणखी दोन शतांश चढलं असतं तर तीनचा उंबरठा ओलांडून मला वरच्या वर्गाचं लायसन्स मिळणार होतं. मिळालं नाही. का मिळालं नाही हे सांगायला बसलो की घरातले एकेक करून उठून जातात, म्हणून लिहून काढतोय.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: टेबलाच्या कडेला स्टीअरिंग आवळायचं, पायाशी पेडल ठेवायची आणि जगभरातल्या वीस-पंचवीस अनोळखी लोकांशी स्क्रीनवर शर्यत लावायची, हा झाला सिम रेसिंगचा छंद. खऱ्या रस्त्यावर मी रिकाम्या पार्किंगमध्येही इंडिकेटर देणारा माणूस. या छंदात प्रत्येकाला दोन आकडे चिकटवलेले असतात. एक, तुम्ही किती वेगवान. दुसरा, तुम्ही किती सभ्य. पहिल्याबद्दल माझा काही दावा नाही. दुसरा मात्र मी तळहातावरच्या फोडासारखा जपत आलोय.

सभ्यता मोजायची रीत प्रत्येक गेमची वेगळी. ग्रॅन तुरिस्मो स्पोर्टने २०१७ साली खिलाडूवृत्तीला चक्क अक्षरं देऊन टाकली, प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीसारखी. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये ९९ पर्यंत मार्क मिळतात आणि त्यात कमी पडणाऱ्याला बरेच सर्व्हर दारातूनच परत पाठवतात. या दोघांच्या आधीची, २००८ सालची व्यवस्था आयरेसिंगची. तिथे ०.०० ते ४.९९ अशी पट्टी. चाकं डांबराबाहेर गेली, दंडाचा एक पॉइंट. गाडी गरकन फिरली, दोन. दुसऱ्याच्या गाडीवर जोरात आदळलात, चार. मग किती वळणं पार केलीत आणि त्यात किती पॉइंट गोळा केलेत, यावरून तुमची लायकी ठरते. आणि धडक झाली की ते चार पॉइंट कोणाला? दोघांनाही! चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. दोन भावंडांच्या भांडणात आई जसा दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून विषय संपवते, तसं.

मी खेळतो तो गेमही याच घराण्यातला. नाव घेत नाही, अजून तिथेच खेळायचंय.

या धपाट्यामागे तर्क आहे, हे मी शांत असताना मान्य करतो. कोणी कोणाला दाबलं, हे ठरवताना खऱ्या शर्यतीतले अनुभवी पंचही चुकतात, तिथे संगणकाची काय कथा. शिवाय येऊन आदळणारे महाभाग सगळ्यांच्याच वाट्याला कधी ना कधी येतात, त्यामुळे शंभर शर्यतींची सरासरी काढली तर न्याय होतो म्हणे. होत असेल. मला तो रविवारी, नऊ वाजताच्या शर्यतीत हवा होता.

यावर लोकांनी काढलेला तोडगा असा, की सगळे सुटले की मग पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेतून निघायचं आणि शेवटपर्यंत एकट्याने गाडी हाकायची. ना कोणाशी स्पर्धा ना कोणाशी संबंध, नुसती वळणं मोजायची. रेटिंग भराभर चढतं. मीही हे केलंय. वीस मिनिटं भर गर्दीच्या शर्यतीत संन्याशासारखा फिरलो, शेवटून दुसरा आलो (शेवटचा जो होता त्याची वीज गेली असावी) आणि घरात पेढे वाटण्याच्या बेतात होतो. बायकोने विचारलं, "जिंकलास?" म्हटलं, "नाही, पण सुरक्षित होतो." त्यानंतर तिने हा प्रश्न विचारणं सोडून दिलं.

तर रविवार. ट्रॅक मोंझा. ५.७९३ किलोमीटरची फेरी, ११ वळणं. लांबलचक सरळ रस्त्यावरून सुसाट यायचं आणि एकदम जवळजवळ थांबल्यासारखं होऊन उजवीकडे-डावीकडे वळायचं. अशा नागमोडी अडथळ्याला शिकेन म्हणतात. मराठीत हे भविष्यकाळी क्रियापद आहे, आणि माझ्या बाबतीत ते भविष्यकाळातच राहिलेलं आहे. पण त्या दिवशी मी खरोखर शहाण्यासारखा चालवत होतो. सहावी फेरी, पुढे एक निळी गाडी, मध्ये किमान दोन गाड्यांचं अंतर. मी नेहमीपेक्षा आधीच ब्रेक दाबला. आणि त्याच क्षणी निळी गाडी भुताने ढकलल्यासारखी उडाली, दोनदा गरगरली आणि गवतात जाऊन उलटी पडली. मी तिच्यापासून दहा मीटर लांब! कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली: चार.

मी चॅटमध्ये जे लिहिलं ते इथे देत नाही. त्याच्या कनेक्शनवर होतं, आणि थोडं त्याच्या बुद्धीवरही. निळ्या गाडीवाला भलताच सौम्य निघाला. म्हणाला, "मित्रा, लुकलुकतोयस तू. मी नाही." आणि शर्यत संपल्यावर त्याने त्याच्या बाजूचं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं.

ते मी आतापर्यंत चाळीसेक वेळा पाहिलंय. माझी गाडी मागून येते. ब्रेकच्या जागी येते. ब्रेक लावत नाही. वेग जराही कमी न करता निळ्या गाडीच्या पार्श्वभागात घुसते, तिच्यासकट वळण सोडून सरळ पुढे जाते, गवतावर दिमाखात उभी राहते आणि गायब होते. मग पाऊण सेकंदाने ती पुन्हा ट्रॅकवर, मागे, आपल्या जागी उगवते. ब्रेकचे दिवे लागलेले. अगदी नियमात, सावकाश, जसं काही झालंच नाही.

याचं कारण समजलं तेव्हा राग यायच्या ऐवजी लाजच वाटली. इतरांच्या गाड्या आपल्या स्क्रीनवर खऱ्या नसतातच. 'मी आत्ता इथे आहे, इतक्या वेगात, या दिशेला' अशा चिठ्ठ्या प्रत्येकाचा संगणक सेकंदाला अनेकदा धाडत असतो. दोन चिठ्ठ्यांच्या मधला प्रवास आपला संगणक अंदाजाने रंगवतो. चिठ्ठी हरवली तर ती कोणी परत पाठवत बसत नाही, कारण पोचेपर्यंत ती शिळी झालेली असते. मग संगणक म्हणतो, मघाशी सरळ चालला होता ना, मग अजून सरळच जात असेल. ताशी २७० म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या वेळात चिठ्ठ्या आल्या नाहीत तर गाडी १५ मीटर चुकीच्या जागी असते, म्हणजे तीन गाड्यांच्या लांबीएवढी. मी ब्रेक दाबल्याची चिठ्ठीच त्याला मिळाली नव्हती.

आणि गंमत म्हणजे स्वतःची गाडी स्वतःला कायम लोण्यासारखीच दिसते. वर्षभर मी ज्यांना ज्यांना 'आधी नेट बघ तुझं' म्हणून सुनावलं, त्यातल्या कितीजणांच्या स्क्रीनवर मी असा मारुतीसारखा उड्या मारत होतो, कोण जाणे. लॅग (चिठ्ठ्यांचा हा उशीर) आणि घोरणं, दोन्हींची खबर इतरांकडूनच मिळते. बायकोने घोरण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं तेव्हाही मी आधी, "हा आवाज माझा नाही," असंच म्हणालो होतो.

मग इंटरनेट कंपनीला फोन. (हिचंही नाव घेत नाही. घरात तेच कनेक्शन आहे.) तक्रार पिंगची, म्हणजे चिठ्ठीला जाऊन-यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांची. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"सर, तुम्हाला तर शंभरच्या शंभर एमबीपीएस मिळतायत."

"स्पीडची तक्रार नाही हो. पिंग बघा. मध्येच चाळीस, मध्येच तीनशे."

"सर, शंभर मिळतायत."

"अहो, रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येतं का? आणि माझं गावही लांब नाही, वाटेत कोणीतरी गाडी आडवी घालतंय."

तो जरा थांबला. "कोणती गाडी, सर?"

राउटर बंद करून चालू करायला सांगून त्याने फोन ठेवला. मला वाटतं, त्याच्या वहीत माझी नोंद अपघातग्रस्त म्हणून झाली असावी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसं आमचं शंभर एमबीपीएस. या खेळाला त्यातला नखाएवढा भागसुद्धा लागत नाही. लागतं ते सातत्य. पिंग कायमच १५० असेल तरी माणूस जुळवून घेतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पाच हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागणारच. तिथे कोणाचं काही चालत नाही. पण चाळीसचं तीनशे आणि तीनशेचं चाळीस, याला जिटर म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा घरचाच भेदी असतो.

भेद्यांचा शोध सुरू झाला. पहिला संशयित मायक्रोवेव्ह. तो चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, वाय-फायचा जुना पट्टाही तिथेच. दुसरी, माझी मुलगी. क्लासहून घरी आली की तिच्या फोनला वाय-फाय सापडतं आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ गपचूप वर चढायला लागतात. राउटरच्या दारात त्यांची रांग लागते आणि माझी इवलीशी चिठ्ठी त्या रांगेच्या शेपटाला. ती घरी येते नऊ वाजून दहा मिनिटांनी. सहावी फेरी नेमकी तेव्हाच.

मी नऊ ते साडेनऊ घरात फोटो आणि काहीही गरम करणं, दोन्हींवर बंदी घातली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं सेफ्टी रेटिंग वाढावं म्हणून आम्ही अंधारात बसायचं का?" दिवे मी बंद करायला सांगितलेच नव्हते. पण मुद्दा पोचला.

शेवटी केबल आणली. वीस मीटर, पिवळी. राउटरपासून निघून हॉल ओलांडून, दाराच्या फटीतून माझ्या टेबलापर्यंत. आणि काय सांगू! पिंगची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी. बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. मी शर्यत सोडून दहा मिनिटं ती रेघच बघत बसलो. कधी नव्हे ते चॅटमध्ये एकाने लिहिलं, "आज छान दिसतोयस."

मोंझाच. पहिली फेरी निर्विघ्न. दुसरी निर्विघ्न. तिसऱ्या फेरीत पुढचा पाच सेकंद पुढे, मागचा सहा सेकंद मागे, मध्ये मी एकटा. त्याच शिकेनमध्ये मी ब्रेक थोडा उशिरा दाबला, गाडीचा मागचा भाग सुटला आणि मी सावकाश, सुबकपणे, सर्वांना अत्यंत स्पष्ट दिसेल अशा पद्धतीने गोल फिरलो. दोन पॉइंट. सावरायच्या नादात चाकं गवतात. आणखी एक. चौथ्या फेरीत पुन्हा तेच, तिथेच.

सवयीने हात चॅटकडे गेला. काय लिहायचं ते सुचेना. पिंग बघितलं. बेचाळीस.

"कोण धडकलं?" दारातून मुलीने विचारलं.

"कोणी नाही."

"मग नेट गेलं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

रात्री बायको पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमधून येताना केबलला अडखळली. तांब्या पडला नाही, पण ती थांबली, पिवळ्या वायरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे लफडं कायमचं आहे का?"

"छे, छे! काढतो ना लगेच," म्हणत मी उठून गुंडाळायलासुद्धा लागलो. लग्नानंतर कुठलंही काम मी पहिल्या हाकेला केलेलं नाही, त्यामुळे ती तिथेच उभी राहून बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होती.