एक मत गेलं कुठे?

दरवर्षी जानेवारीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा (महान खेळाडूंची सन्मान-यादी, मतं क्रीडापत्रकार देतात) निकाल लागला की डोकं फिरतं माझं. आत जायला ७५ टक्के मतं लागतात, मान्य, पण २०२५ला जपानी खेळाडू इचिरोला ३९४ पैकी ३९३च कशी? एमएलबीत (अमेरिकेतली सर्वोच्च लीग) ३०८९ हिट्स, सलग १० सीझन २००च्या वर हिट्स, अजून काय करायचं होतं त्याने? विली मेजसारख्या दिग्गज खेळाडूला तर १९७९ला २३ जणांनी मत दिलं नव्हतं, विली मेजला!! आणि बॅरी बाँड्स, ७६२ होमरन, ७ एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), १० वर्षं बॅलटवर (मतपत्रिकेवर) लटकवला आणि २०२२ला ६६ टक्क्यांवर त्या बॅलटवरून कायमचा उडवला. त्याने स्टेरॉइड्स (ताकद वाढवणारी औषधं) घेतली म्हणता ना, मग त्याच काळात कमिशनर (लीगचा प्रमुख) असलेला बड सीलिग २०१७च्या बॅचमध्ये आत कसा गेला? दोषी फक्त खेळाडू? आणि इचिरोला वगळणाऱ्याने निदान नाव तरी सांगावं ना, लपून काय बसलाय!