सपाट होणारी सीट, म्हणे!

"हो, ही सीट येताना पण अशीच होती."

हे विमानातली हवाई सुंदरी मला हसत हसत म्हणाली. अटलांटिकच्या डोक्यावर, रात्री, दिवे मंद केलेले, बाकी सगळे पांघरुणात गुडूप, आणि मी आडव्या न होणाऱ्या सीटवर ताठ बसलेली. येताना पण! म्हणजे हे विमान लंडनहून बार्बाडोसला आलं तेव्हाच ही सीट मेली होती. माझ्या आधी कुणीतरी हिच्यावर शिव्या घालत उतरलं होतं. मग ब्रिजटाउनला विमान तासन्तास उभं राहिलं. झाडलं, पुसलं, इंधन भरलं, उशांना नवे अभ्रे घातले, पायमोज्यांची छोटी पिशवी हातावर ठेवली, आणि दारात माझं आडनाव तीन ठिकाणी मोडून माझं स्वागत करून मला त्याच सीटवर नेऊन बसवलं. एकालाही वाटलं नाही की बाईंना आधी सांगावं.

आणि हो, मला माहीत आहे. बिझनेस क्लासमध्ये बसून रडणाऱ्या बाईची दया कुणाला येणार? नका करू दया. ऐका फक्त.

ब्रिजटाउन ते लंडन साधारण आठ तास. संध्याकाळी सुटतं, सकाळी पोचतं, आणि घड्याळ चार तास पुढे पळतं, म्हणजे रात्र आधीच चोरलेली. त्यातले दोन तास जेवणाच्या समारंभात. चिमट्याने गरम टॉवेल, मग तो गार झालेला टॉवेल परत नेण्याचा वेगळा कार्यक्रम, मग दाणे, मग मेन्यूकार्ड, मग मेन्यूकार्डातलं जे मागावं ते संपलेलं. उतरायच्या दीड तास आधी दिवे भक्कन लावून नाश्ता. उरले चार-साडेचार तास. या लोकांनी मला जे विकलं ते एवढंच: चार तास आडवं होणं. शॅम्पेन मी पीत नाही, सिनेमे मी घरी बघते, लाउंजमधलं ते केळं मला बाहेरही मिळतं. पाठ टेकायला मिळावी म्हणून, आणि फक्त त्यासाठी, आम्ही जाताना मागे कोंबून घेऊन गेलो आणि क्रेडिट कार्डाचे वर्षानुवर्षं साठवलेले सगळे पॉइंट्स परतीच्या या एका रात्रीवर उधळले. पॉइंट्स तर गेलेच, वर 'कॅरियर सरचार्ज' म्हणून रोख पैसेही गेले. हा सरचार्ज कशाचा असतो हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. आणि त्याहून वर, सीट आधी निवडायची तर त्याचेही पैसे! बिझनेस क्लासमध्ये! भरले. नवऱ्याशेजारची, खिडकीची, शांत कोपऱ्यातली सीट मी नकाशा बघून, परीक्षणं वाचून, पैसे मोजून निवडली.

तर. जेवण आवरलं, मी बटण दाबलं. सीट जरा हलली, घुर्र केलं, आणि थांबली. पाय वर आले होते, पाठ अर्धी मागे गेली होती. दाताच्या डॉक्टरकडे असते ना, तो कोन. तोंड उघडून पडायचं तेवढं राहिलं होतं. परत दाबलं. घुर्र. परत दाबलं. आता घुर्रही नाही.

मग हसरी आली. "रीसेट करून बघूया." सीटची वीज बंद, थांबा, वीज चालू. पाच मिनिटं मी अंधारात त्या कोनात. काही नाही. परत रीसेट. मग दुसरा आला, गुडघ्यावर बसला, सीटखाली हात घालून कुठलातरी दांडा ओढला, आणि खाडकन मी सरळ. एकदम ताठ. बैठकीत पाहुणे आल्यासारखी नव्वद अंशांत. आणि हा गृहस्थ उठून हात झटकत म्हणतो, "आता याला हात लावू नका. परत अडकली तर उतरताना सरळ होणार नाही, आणि उतरताना ती सरळच पाहिजे."

कळलं का? सपाट होते म्हणून जी सीट विकली, ती आता सपाट करायला मनाई.

आणि तेव्हा ती म्हणाली, येताना पण अशीच होती. जणू काही सीटचा स्वभाव सांगतेय. आमच्या सीटला जरा सर्दी असते.

यातलं खरं चीड आणणारं पुढे आहे. पाठ सरळ उभी अडकलेली असली की नियमाने ती सीट चालते. उडायच्या-उतरायच्या वेळी सीट सरळ असली की सुरक्षेचा प्रश्न मिटला, विमान सुटायला हरकत नाही. दुरुस्तीची नोंद वहीत होते, दुरुस्ती यथावकाश. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, मला कुणी शिकवू नका. पण सुरक्षेचा नियम म्हणजे मालाची हमी नव्हे! उद्या हॉटेलवाला म्हणेल, छत पडत नाहीये ना, मग पलंग नसला तर काय झालं.

आता नवरा. शेजारीच. त्याची सीट लोण्यासारखी आडवी झाली. त्याने गादी अंथरली, पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं, डोळ्यावर पट्टी चढवली, आणि त्या पट्टीच्या आतून मला म्हणाला, "अगं, तू ये ना माझ्या जागी."

मी म्हटलं, "नको. झोप तू."

"नक्की?"

"नक्की."

माणसाने निदान तिसऱ्यांदा तरी विचारावं! अर्ध्या मिनिटात घोरायला लागला. आणि खरं सांगू का, मला ती जागा हवीच नव्हती. एकदा का मी त्याच्या जागी झोपले असते तर माझ्या संतापाचा सगळा दम गेला असता. मला पूर्ण, निर्भेळ अन्याय हवा होता. माझी आई म्हणायची तसं, मला सुख बोचतं. तर बसले ताठ, हाताची घडी, समोरच्या पडद्यावरचं ते छोटं विमान निळ्या पाण्यावरून मुंगीच्या पावलाने सरकताना बघत.

आणि रात्री दोनला ताठ बसलेल्या बाईला काय काय आठवतं! हा सगळा प्रवासच. भारतातून कॅरिबियनला थेट विमान नाही, ते ठीक. पण ज्या बार्बाडोसमध्ये राहायचं तिथे भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, आणि ज्या लंडनच्या विमानतळावर नुसतं एका दारातून उतरून दुसऱ्या दारातून चढायचं तिथे ट्रान्झिट व्हिसा. त्याचे फॉर्म, त्याची फी, त्याची बोटं उमटवणं. भर उन्हात नवऱ्याने तिथल्या केन्सिंग्टन ओव्हलच्या क्रिकेट मैदानावर नेलं, आणि सूर्यकुमारने मिलरचा झेल घेतला तो दोर नेमका कुठला यावर सुरक्षारक्षकाशी वाद घातला, तोही आठवला. तेव्हा मी काही बोलले नव्हते. ते खातं उघडंच होतं. २०२४चा वर्ल्ड कप जिंकल्यावर बेरिल वादळात आपली टीम याच बेटावर अडकली होती, तेव्हा त्यांना न्यायला खास विमान आलं होतं. त्यांच्या सीटा आडव्या झाल्या असणार. होऊ देत, त्यांनी कप आणला होता.

जेवणाचं तर काढूच नका. नवरा शाकाहारी. याआधीच्या एका प्रवासात 'हिंदू मील' सांगितलं होतं, तर मटण आलं. कारण विमान कंपन्यांच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं, पण मांसाहारी असू शकणारं जेवण, शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' सांगायचं. आता तो ते सांगतो, आणि जगातल्या सगळ्या विमानांत त्याला तेच पालक आणि तोच भात मिळतो. पिवळा. तो आनंदाने खातो. हा माणूस आनंदाने काहीही खातो, कुठेही झोपतो. चिडायचं सगळं खातं घरात माझ्याकडे आहे.

पलीकडच्या रांगेतला एक साहेब विमानातल्या वायफायवर मोठ्याने कुठल्यातरी कंपनीच्या 'क्वार्टर'बद्दल, म्हणजे तिमाहीबद्दल, बोलत होता. रात्री दोनला! असल्या माणसांची सीट कधी बिघडत नाही.

आणखी एक. त्या बार्बाडोसच्या विमानतळावर एक काँकॉर्ड, म्हणजे आवाजाहून वेगाने उडणारं ते विमान, ठेवलेलं आहे. खरंखुरं, निवृत्त झालेलं. ते लंडन-बार्बाडोस चारेक तासांत गाठायचं. अरुंद खुर्च्या, आडव्या वगैरे काही होत नव्हत्या, कारण गरजच नव्हती. झोप यायच्या आत तुम्ही घरी. २००३ला ते बंद झालं, आणि तेव्हापासून आपण दुप्पट वेळ लावून, त्या जादा वेळात झोपण्याचे पैसे भरतो. याला प्रगती म्हणायचं. अर्थात काँकॉर्डचं तिकीट परवडणाऱ्यांत आम्ही कधीच नव्हतो, पण चिडायला तिकीट लागत नाही.

पाय मोकळे करायला मागे गेले. आणि मागे, अगदी शेवटच्या रांगांत, इकॉनॉमीत, एक पोरगा तीन रिकाम्या सीटांवर हातकठडे वर करून आडवा पसरला होता. सपाट. पूर्ण सपाट. तोंड उघडं, एक पाय मार्गिकेत. त्याच्या पलीकडच्या तीन सीटाही रिकाम्या.

मी तशीच पुढे आले आणि पर्सरला, म्हणजे विमानातल्या सेवकांच्या मुख्याला, विचारलं, मी मागे जाऊन झोपू का? तर तो चक्क अस्वस्थ झाला. एवढा वेळ माझ्या पाठीच्या कण्याचं काय होतंय याने न हललेला माणूस या प्रश्नाने हलला. म्हणाला, "जाऊ शकता, पण तुम्ही स्वतःच्या इच्छेने गेलात अशी नोंद करावी लागेल."

का, ते मला नंतर कळलं. युरोपचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, ब्रिटनने बाहेर पडल्यावरही तो आपल्या कायद्यात ठेवलाय. कंपनीने तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं आणि अंतर ३,५०० किलोमीटरच्या वर असलं, तर त्या तिकिटाच्या ७५ टक्के परत. म्हणजे त्यांनी मला मागे पाठवलं असतं तर मला आडवं व्हायलाही मिळालं असतं आणि पाऊण भागही परत. पण त्यांनी मला पुढे ठेवलं. मोडक्या सीटवर, ताठ, सन्मानाने. त्यामुळे मला पूर्ण सेवा मिळाली. बिछाना मिळाला नाही, पण वर्ग मिळाला.

त्याच बेटावर झेडआर नावाच्या खासगी प्रवासी व्हॅन असतात, साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. माणसावर माणूस, कान फाटेल एवढं गाणं, आणि ड्रायव्हर वळणावर हॉर्नने बोलतो. त्यांनी मला आडवं झोपवायचं वचन दिलं नव्हतं. ऑइस्टिन्सला नेतो म्हणाले, ऑइस्टिन्सला नेलं.

नाही गेले मी मागे. 'स्वतःच्या इच्छेने' म्हणे! मरेन पण सही करणार नाही. सकाळी नवरा उठला, आळस दिला, म्हणाला, "मस्त झोप लागली. तुझी?" मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. लंडन-मुंबईला आम्ही मागेच होतो, पॉइंट्स तिथवर पुरलेच नव्हते. तिथे तीन सीटांच्या मधल्या सीटवर, दोन कोपरांच्या मध्ये, मी जी झोपले ती थेट मुंबईला चाकं टेकल्यावर उठले.

घरी आल्यावर तक्रार. फॉर्ममध्ये 'समस्येचा प्रकार' निवडायचा. सीट अस्वच्छ, सीट बदलली, पडदा बंद. 'सीट सीटचं काम करत नाही' असा प्रकारच नाही. 'इतर' निवडलं, पाचशे अक्षरांची मर्यादा. पाचशे! माझा पहिला सुस्कारा पाचशेचा असतो. उत्तर आलं: तुमच्या आरामात आलेल्या व्यत्ययाबद्दल खेद आहे, सद्भावना म्हणून काही पॉइंट्स. ते इतके की त्यात मला त्यांचं एक पायमोज्यांचं पाकीट यावं. आणि खाली, 'आमच्याशी झालेल्या या संवादाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' हसरे, रडके चेहरे, पाच. सगळ्यात रडका दाबला. तो पुरेसा रडका नव्हता.

मग मी म्हटलं, ठीक आहे, बाकी सोडा, निदान सीट निवडायला जे वेगळे पैसे घेतले ते तरी परत करा. काल त्याचं उत्तर आलं. अत्यंत नम्र. सीट निवडीचं शुल्क परत करता येत नाही, कारण आमच्या नोंदीनुसार तुम्ही निवडलेलीच सीट तुम्हाला देण्यात आली होती.