जॉन वेनने नाकारलेल्या भूमिकेची दंतकथा

‘गनस्मोक’ या अमेरिकी वेस्टर्न मालिकेच्या कलाकारांबद्दल एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. तिचं म्हणणं असं: कायदा राखणारा अधिकारी, मार्शल मॅट डिलन, ही मुख्य भूमिका आधी वेस्टर्न चित्रपटांचा बडा तारा जॉन वेनला देऊ केली होती, त्याने ती नाकारून जेम्स आर्नेसच्या पदरात टाकली. बाकीचा कलाकारांचा संच याच नावाच्या रेडिओ मालिकेतून जसाच्या तसा उचलला. डिलनचा मदतनीस चेस्टर करणारा डेनिस वीव्हर खरोखरच लंगडा होता. आणि मालिकेची वीसही वर्षं टिकला तो एकटा आर्नेस.

पहिल्या मुद्द्याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो इतका पसरला. 10 सप्टेंबर 1955 च्या पहिल्या भागाची प्रस्तावना खुद्द वेनने केली. पण ती नीट ऐका. आपण या मालिकेत नाही, असतो तर आवडलं असतं, असं तो म्हणतो आणि आर्नेसची ओळख करून देतो. भूमिका नाकारलेला माणूस असं कशाला बोलेल? आर्नेस तेव्हा वेनच्या निर्मितीसंस्थेशी करारबद्ध होता. टीव्हीकडे वळायला तो कचरत होता, तेव्हा वेनने त्याला भरीस घातलं, हे खरं. पण सुरुवातीचा निर्माता-दिग्दर्शक चार्ल्स मार्क्विस वॉरेन याने वेनला विचारल्याचं साफ नाकारलं. आर्नेसचं काम त्याने स्वतःच्या चित्रपटात पाहिलं होतं, त्यावरून त्याला घेतलं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात काही माणसांवर अन्याय होतो. मालिका 1952 मध्ये रेडिओवर सुरू झाली. तिथे डिलन होता विल्यम कॉनरॅड, चेस्टर पार्ली बेअर, गावचा डॉक्टर ‘डॉक’ हॉवर्ड मॅकनिअर आणि सलूनवाली किटी जॉर्जिया एलिस. ही पात्रं घडवली त्यांनी, आणि टीव्हीवर त्या भूमिका त्यांच्यापैकी एकालाही मिळाल्या नाहीत. कॉनरॅडचा घनगंभीर आवाज म्हणजेच डिलन, असं श्रोत्यांच्या मनात ठसलेलं. पण अंगाने तो बुटका आणि जाडजूड. पडद्यावर आला सहा फूट सात इंचांचा आर्नेस. रेडिओची मालिका 1961 पर्यंत चालू होती, म्हणजे सहाएक वर्षं अमेरिकेत दोन डिलन एकाच वेळी नांदत होते. ‘संच तसाच उचलला’ या तीन शब्दांत त्या चौघांचं सगळं काम पुसलं जातं.

वीव्हरचं लंगडणं हा निव्वळ अभिनय होता. एक गुडघा अजिबात न वाकवता, ‘मिस्टर डिलन!’ अशी हाळी घालत धावणारा चेस्टर पाहताना ते खरं वाटतं, ही त्याच्या कामाला मिळालेली पावतीच. हाच वीव्हर 1948 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत डेकॅथलॉनमध्ये (दहा मैदानी प्रकारांची स्पर्धा) सहावा आला होता! 1959 मध्ये या भूमिकेसाठी त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. खरी दुखापत होती आर्नेसला. 1944 मध्ये इटलीत आन्झिओच्या लढाईत त्याच्या पायाला गोळ्या लागल्या, आणि घोड्यावर बसताना तो पाय त्याला जन्मभर छळत राहिला.

उरला शेवटचा मुद्दा, एकटा आर्नेस टिकल्याचा. तोही खोटा. डॉक झालेला मिल्बर्न स्टोन 1955 ते 1975, वीसही हंगाम मालिकेत होता. 1971 मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे काही भाग चुकले, तेवढ्यापुरता पॅट हिंगल दुसरा डॉक्टर म्हणून आला, आणि स्टोन बरा होऊन परतला. किटी करणारी अमांडा ब्लेक एकोणीस हंगाम होती.