बोटांचे ठसे घेऊन मूल ओळखणाऱ्यांबद्दल

मुलाच्या दहा बोटांचे ठसे स्कॅन करायचे आणि ‘तुमचं मूल कायनेस्थेटिक आहे, हालचालीतून आणि स्पर्शातून शिकणारं आहे’ असा रंगीत रिपोर्ट पालकांच्या हातात ठेवायचा, हा धंदा सध्या जोरात आहे. पैसे मोजून आलेले आईबाबा तो रिपोर्ट घेऊन शाळेत येतात. “मॅडम, आता याला तसंच शिकवाल ना?” मी म्हणते, “मी सगळ्याच वर्गाला तसं शिकवते.” की चेहरे पडतात. आपलं पोर वेगळं निघावं म्हणून तर पैसे भरलेले असतात!

स्पष्टच लिहिते. मूल कसं शिकतं हे बोटांच्या ठशांवरून कळत नाही. बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी असे मुलांचे कप्पे पाडून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त येतं, हे गृहीतकही पडताळणीत टिकलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्यांना त्यासाठी पुरेसा पुरावा सापडला नाही. ठशांचे रिपोर्ट विकणाऱ्या मंडळींना हॉवर्ड गार्डनर यांचं नाव घ्यायला फार आवडतं. माणसाला एकच नव्हे, तर अनेक प्रकारची बुद्धिमत्ता असते, हा ‘बहुविध बुद्धिमत्ते’चा सिद्धांत मांडणारे हे मानसशास्त्रज्ञ. त्या गार्डनर यांनीच २०१३ मध्ये जाहीरपणे लिहिलं की बहुविध बुद्धिमत्ता आणि शिकण्याच्या शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून हाताने शिकणं खोटं ठरतं का? अजिबात नाही. दुसरीच्या वर्गात ३२ वजा १५ फळ्यावर लिहा. निम्मी पोरं हमखास २३ लिहितात. दोनातून पाच जात नाहीत, मग पाचातून दोन घालवतात आणि मोकळी होतात. आता त्याच मुलांपुढे काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवा. पाच काढ म्हटलं की मूल आधी त्या दोन उचलतं. मग अडतं. शेजारच्याकडे बघतं, गठ्ठ्यातून एखादी काडी ओढून पाहतं, पण रबर घट्ट असतं. इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं (हे सगळ्यात अवघड). थोड्या वेळाने ते स्वतःच रबर काढतं, काड्या जमिनीवर पसरतात, आणि आता सुट्ट्या बारा झाल्या हे त्याला दिसतं. पाच गेल्या, सात उरल्या. दोन गठ्ठ्यांतला एक गेला. सतरा. हातचा म्हणजे काय ते त्याच्या बोटांनी रबर सोडवलं तेव्हा कळलं.

हालचालीतच गणित असेल तरच ती कामाची. उड्या मारत स्पेलिंग म्हणवून घेतलं तर पोरं दमतात आणि खूशही होतात, पण उडीचा आणि अक्षराचा संबंध काय? घरून आलेल्या प्रकल्पांबद्दल तर न बोललेलंच बरं. थर्माकोलवर बंदी येऊनही ते किल्ले येतातच, आणि हात आईचे चाललेले असतात.

आपल्याकडे हे काम फार आधी झालंय. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? त्यांनी शिंपले, बिया, खडे घेतले. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येईनात, तर कुरणातच शाळा भरवली. कुठलं मूल कुठल्या प्रकारचं, हे ठरवत बसल्या नाहीत.

मला राग त्या शिक्क्याचा येतो. “तो करून शिकणारा आहे, पुस्तकात त्याचं डोकं चालत नाही” असं घरात एकदा ठरलं की वाचनाचा आग्रह सुटतो. अशी मुलं चौथीत येतात तेव्हा जोडाक्षराला अडतात, आणि त्याला कारण म्हणून पुन्हा तोच रिपोर्ट दाखवला जातो. काड्या कधीतरी बाजूला ठेवायच्याच असतात. आधी काड्या, मग वहीत काढलेले गठ्ठे, मग नुसते आकडे. तिथवर पोचायला वेळ लागतो, कुणाला जास्त, कुणाला कमी.

पालकहो, त्या रिपोर्टच्या पैशांत अख्ख्या वर्गाच्या काड्या, रबरं आणि मणी येतात. उरलेल्यात गोष्टींची पुस्तकं घ्या.