श्वास मोजून हप्ता भरत नाही, हे खरंच आहे

भाऊ, नमस्कार.

ताण आणि आरामावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्या झटक्यात जे सुचलं ते फक्त माझी बाजू सावरणारं होतं. दोन दिवस ती मनात घोळवली, आता लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. तुम्ही लिहिलंत: "मॅडम, मी बुटीबोरीला (नागपूरजवळची औद्योगिक वसाहत) तीन पाळ्यांत काम करतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास उभा असतो. मुलगी बारावीला, घराचा हप्ता डोक्यावर. तुम्ही म्हणता दहा मिनिटं शांत बसा, श्वास मोजा. श्वास मोजून हप्ता भरतो का? आमचं टेन्शन खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) नि चहानंच उतरते. आणि आराम काय शिकायची गोष्ट आहे? आमचा बाप कुठं शिकला होता?"

आधी माझी चूक. "ताण बाहेर नसतो, तो आपल्या मनात असतो," असं मी त्या लेखात लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं आहे, आज मी ते काढून टाकलं. हप्ता बाहेरच असतो. रात्रपाळी बाहेरच असते. मेअखेरच्या नवतपात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्री कूलरही गरमच हवा फेकतो आणि झोप लागण्यासाठी शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, ते होत नाही. अशा माणसाला "मन शांत ठेवा" म्हणणं म्हणजे त्याच्या अडचणीचा दोष त्याच्याच माथी मारणं. तुम्ही चिडलात ते बरोबर केलंत.

पण बाकीचा लेख मी मागे घेणार नाही. त्याचं कारण जरा सविस्तर सांगते.

१९३६ साली मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला जखम केली, कुणाला दमेपर्यंत पळवलं, कुणाला औषधाचा मारा केला. त्रास वेगवेगळे, पण शरीरात घडलं ते सारखंच: मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. ताण कशाचा आहे हे शरीर फारसं विचारत नाही. हप्त्याचा असो की मुलीच्या मार्कांचा, नाडी वाढते, स्नायू आवळतात, पचन मागे पडतं. धोका टळला की हे सगळं उतरायला हवं. आपलं दुखणं इथेच आहे, कारण हप्ता कधी टळतच नाही. तो दर महिन्याला येतो, म्हणून शरीर चढलेलंच राहतं.

हप्ता कमी करणं माझ्या हातात नाही. चढलेलं शरीर दिवसातून दोनदा खाली आणणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते शिकावं लागतं. हे मला माझ्या दाढांनी शिकवलं. वडिलांच्या आजारपणाची दोन वर्षं मी दिवसा नोकरी आणि रात्री दवाखाना करत होते. "मी ठीक आहे" असं सगळ्यांना सांगायचे आणि मला ते खरंच वाटायचं. मग एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, झोपेत दात खाता का? दाढा झिजल्यात." त्या संध्याकाळी मेडिकल चौकाच्या सिग्नलवर गाडी थांबली असताना पहिल्यांदा स्वतःकडे पाहिलं. गाडी उभी होती, तरी हँडल मी पडणाऱ्या माणसासारखं धरलं होतं. खांदे कानांपाशी, जबडा घट्ट. हे किती महिने चाललं होतं, कोण जाणे.

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली नेमकी हीच गोष्ट मांडली. पडून राहिलेल्या माणसाला आपण आराम करतोय असं वाटतं, पण त्याचे स्नायू आवळलेलेच असतात आणि त्याला ते कळत नाही. त्यावरची त्यांची पद्धत साधी आहे. स्नायू मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. फरक कळला की सोडणं जमतं.

तुम्हाला शांत खोली मिळणार नाही, म्हणून बसमध्ये करा. परतीच्या बसमध्ये बसलात की बुटाच्या आत पायाची बोटं आवळा, पाचेक सेकंद धरा, सोडा. मग वीस-तीस सेकंद काहीच करू नका, फक्त पाय कसा लागतो ते बघा. मग मांड्या, मुठी, खांदे वर उचलून सोडणं, शेवटी कपाळ आणि जबडा. पोटऱ्या जोरात आवळू नका, उन्हात घाम गेलेला असतो, गोळा येतो. त्यानंतर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास आत घेताना हृदय किंचित जलद चालतं, सोडताना मंदावतं, म्हणून सोडणं लांबवायचं. मशीनजवळ हे अजिबात करू नका. आणि पहिले काही दिवस उलट जास्त बेचैन वाटू शकतं, कारण इतके दिवस दाबलेलं लक्षात यायला लागतं. तसं झालं तर वेळ कमी करा, सोडू नका.

आता खर्रा. इथे मी कडक बोलणार आहे, राग मानू नका. खर्ऱ्यातलं निकोटिन नाडी वाढवतं, रक्तदाब वाढवतं. मग बरं का वाटतं? मागच्या खर्ऱ्याचा अंमल उतरून जी तलफ सुटलेली असते, ती भागते म्हणून. म्हणजे जे टेन्शन तो उतरवतो, त्यातलं बरंचसं त्यानेच चढवलेलं असतं. चहाबरोबर तुम्ही खर्ऱ्याकडे उठता तेव्हा पाच मिनिटं शेडबाहेर येता, मित्राशी दोन शब्द बोलता. आराम त्यातून मिळतो, तो राहू द्या. माझ्या मामांचं तोंड शेवटी दोन बोटांइतकंच उघडायचं. वरणात कालवलेला भात आम्ही त्यांना चमच्याच्या टोकाने भरवायचो. खर्ऱ्याची पुडी बघितली की मला आजही तेच आठवतं.

तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंत, म्हणून माझ्याही घरचं सांगते. माझे वडील उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बाज टाकायचे, शेजारचे दोघं-तिघं येऊन बसायचे, गप्पा रात्रीपर्यंत. कुणी शिकवलं नाही, पण ते रोज होत होतं, म्हणून ते शिकणंच होतं. आई मात्र त्या बाजेवर कधी बसलेली मला आठवत नाही. ती चहा आणायची, ताटं वाढायची. तिच्या पाठीचं दुखणं कुणी ताणाशी जोडलं नाही, मीही नाही. आराम मोजक्यांनाच मिळतो, असं तुम्ही रागाने म्हणाल, तर मी त्यात आईचंही नाव जोडते. तुमच्या घरी तुम्ही बसमधून उतरल्यावर कोण अजून उभं असतं, तेही बघा.

हप्त्याचं एवढंच म्हणेन: चुकणार असं वाटलं तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला. आणि दोन आठवडे झोपच नाही, कशातच मन नाही, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर श्वासावर अवलंबून राहू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. रात्रपाळी करून सकाळी झोपता तेव्हा खोलीत उजेड किती येतो? खिडकीला जाड पडदा किंवा जुनी चादर लावता येते का, आणि मुलगी त्या वेळी त्याच खोलीत अभ्यासाला बसते का? हे कळलं तर पाळीनंतरच्या झोपेवर मी वेगळं लिहीन. माझ्या लेखात पाळीवाल्यांचा विचारच नव्हता, आणि तुमच्यासारखे कितीतरी जण रोज वर्धा रोडने ये-जा करतात.