शाश्वत विकासात पीएचडी करायची असेल तर आधी मे महिने मोजा

शाश्वत विकासात पीएचडी करायला निघालेल्या प्रत्येकाला एक गोष्ट अगदी पोटतिडकीने सांगावीशी वाटते. 'शाश्वत' या शब्दात काळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केलेल्या शाश्वत विकासाच्या व्याख्येचा गाभाही पुढच्या पिढ्यांच्या गरजा हाच आहे. मग प्रबंधातून काळ गायब कसा होतो? डिसेंबरात एकदा गावात जायचं, चारशे घरांच्या प्रश्नावल्या भरायच्या आणि गाव शाश्वत आहे की नाही ते ठरवायचं, हे पटण्यासारखं नाही. डिसेंबरात मराठवाड्यातल्याही बऱ्याच विहिरींना पाणी असतं. गावाच्या पाण्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते, आणि तीही एकाच मे महिन्याने होत नाही.

म्हणून विषय ठरवण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं आणि त्यात ५५ टक्के हवेतच. ऑगस्टमध्ये नोंदणी, मार्चपर्यंत कोर्सवर्क, जूनमध्ये संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा, असा क्रम धरला तर पहिला उन्हाळा काहीही न मोजता निघून जातो. तीन वर्षांची शिष्यवृत्ती असेल तर त्यातलं एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा काळ, गेलंच. उपाय साधा आहे. आराखडा मंजूर व्हायची वाट न बघता गाइडशी बोलून, विहीरमालकांची परवानगी घेऊन, पहिल्याच उन्हाळ्यात पाच-सहा विहिरींची पायलट मोजणी सुरू करा.

मोजायचं कधी? ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपले महिने त्यांच्याशी जुळले की आपल्या दोन वर्षांच्या नोंदींना त्यांच्या जुन्या नोंदींची जोड मिळते. मोजणी सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आधी करा. रात्रीच्या पाळीत वीज असेल तर विहीर सकाळी उपसलेली सापडते, त्यामुळे 'मोटार बंद होऊन किती तास झाले' हा रकाना वहीत हवाच. कठड्यावर ऑइल पेंटने खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. एकदा कठड्यावरून आणि एकदा जमिनीवरून मोजलं, तर पाऊण मीटरचा फरक पाण्याचा समजला जातो आणि सगळा आलेखच चुकतो.

उपसा विचारताना लिटरमध्ये विचारू नका. शेतकरी तासांत सांगतो: 'पाच एचपी, सहा तास, आठ दिवसांआड.' मग नोव्हेंबरात २०० लिटरचा ड्रम पाइपखाली धरा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर. हीच मोजणी मार्चमध्ये पुन्हा करा. पातळी खाली गेली की त्याच मोटारीचं पाणी कमी येतं, आणि नोव्हेंबरचा आकडा वर्षभर वापरला तर उपसा फुगतो. जमिनीचं एककही आधीच ठरवून घ्या. सातबारावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर-गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचं हेक्टर. या दोन्हींची गल्लत झालेला डेटा नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं असतं.

आता नमुन्यात किती घरं घ्यायची यासाठीच्या ३८४ या आकड्याबद्दल, कारण प्रबंधांमध्ये तो मंत्रासारखा वापरला जातो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून सूत्रातून ३८४ येतात, हे बरोबर. पण ते सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्याचं आहे, म्हणजे सगळ्या तालुक्याची घरं एकाच यादीत घालून चिठ्ठ्या काढल्यासारखं. आपण तसं करत नाही. आपण आधी गावं निवडतो आणि मग गावातली घरं. एका गावातली घरं एकाच पावसावर, एकाच खडकातल्या पाण्यावर जगतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण सारखं) ०.३ धरलं आणि २० गावांतून २०-२० घरं घेतली, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा निवडीमुळे माहिती किती पटीने घटते तो आकडा, १ अधिक १९ गुणिले ०.३, म्हणजे ६.७ येतो. तुमची ४०० घरं प्रत्यक्षात ६० घरांइतकीच माहिती देतात. तीच ४०० घरं ४० गावांतून १०-१० घेतली तर डिझाइन इफेक्ट ३.७ वर येतो आणि माहिती १०८ घरांइतकी होते. फॉर्म तेवढेच, वाढला फक्त प्रवास. पाण्याच्या प्रश्नात गावांची संख्या वाढवा, घरांची नाही.

दुसरा सापळा निर्देशांकाचा. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, १६९ लक्ष्यं समोर असतात, म्हणून विद्यार्थी तीस-चाळीस निर्देशक घेऊन सरासरी काढतो. समजा नळजोडणीला १, गॅसला ०.९ आणि भूजलाला ०.२ गुण मिळाले. साधी सरासरी ०.७ आली आणि गाव 'उत्तम' गटात गेलं. भौमितिक सरासरी घेतली, म्हणजे तिन्ही गुणांचा गुणाकार करून घनमूळ काढलं, तर ०.५६ येते. मानव विकास निर्देशांकही २०१० पासून भौमितिक सरासरीने काढतात, त्यामागे हेच कारण आहे: एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने सहज भरून निघू नये. माझं मत याहून कडक आहे. पाणी सरासरीत मिसळूच नये. विहीर आटली की गॅस सिलिंडर तिची जागा घेऊ शकत नाही. भूजलाची एक किमान मर्यादा ठरवा. तिच्या खाली गेलेलं गाव बाकी कितीही गुण मिळवो, शाश्वत नाही, असं प्रबंधात स्पष्ट लिहा. परीक्षक प्रश्न विचारतील. विचारू द्या, त्या मर्यादेमागचं कारण तुमच्याजवळ असलं म्हणजे झालं.

सहा वर्षांत दीर्घ काळ कुठून आणायचा, हा रास्त प्रश्न आहे. तो जुन्या नोंदींमधून आणायचा. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून ज्या गावांचा घरोघरी अभ्यास केला, त्यात सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कान्झरा आणि किनखेडा आहेत. कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या जमिनीचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला, आज तिथे सोसायट्या उभ्या आहेत. अशा गावात परत जाणं हाच एक भक्कम विषय होऊ शकतो. हिवरे बाजार किंवा राळेगणसिद्धी घेणार असाल, तर त्याच पावसाचं, त्याच खडकाचं, पण नाव न झालेलं शेजारचं गाव तुलनेला घ्याच. नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगताच येणार नाही.

लँडसॅट उपग्रहांची ३० मीटरची (एक पिक्सेल ३० मीटर लांब-रुंद) चित्रं १९८० च्या दशकापासूनची फुकट मिळतात. २०१५ नंतर सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरची आहेत. त्यातला एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, बरोबर एक आर, जवळजवळ एक गुंठा. खरिपात ढगांमुळे फारसं हाती लागत नाही. एप्रिलची चित्रं घ्या. तेव्हा शेतात जे हिरवं दिसतं ते बहुतेक उपशावरचं असतं. आंब्याच्या बागा आणि झाडी मात्र आधी वेगळी काढा, नाहीतर कोकणात सगळंच बागायत दिसेल.

सरकारी कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून द्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाणी, वीज आणि पीक पाहणी यांचे तीन वेगळे अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. पहिलं अपील धरून तीन महिने गृहीत धरा.

गाइड निवडताना निवृत्तीची तारीख विचारायला संकोचू नका. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. शिवाय प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. गाइड अर्थशास्त्राचे असतील तर भूजल जाणणारे सहमार्गदर्शक पहिल्याच वर्षी घ्या. चौथ्या वर्षी घेतले तर ते सगळ्यात आधी विहिरींच्या नोंदी मागतील, आणि गेलेले मे महिने परत मोजता येत नाहीत.

आणि दर मे महिन्यानंतर विहिरींच्या नोंदींचा तक्ता मालकांना विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तुमचा एखादा आकडा चुकला असेल, तर तो ज्याच्या विहिरीचा आहे तो माणूस संध्याकाळपर्यंत येऊन सांगेल.